फुकटच्या तांदळाने कोकण आळशी झालं?

नमस्कार मंडळी. मागे दिसतायत ती हापूसची कलमं, आणि कलमाखाली खुर्ची टाकून बसलेत ते आमचे शेजारचे आबा. देवगड तालुक्यात एप्रिलमध्ये कुठल्याही बागेत जा, आबांची तक्रार तुम्हाला ऐकायला मिळेल. "माणसां गावनत नाय. रेशन फुकट, बायलांका महिन्याक दीड हजार. कामाक कोण येतलो?"

आबांसमोरच हिशेब मांडतो. त्यांना रागवायचा पूर्ण अधिकार आहे.

आधी तांदूळ. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदयाच्या, म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या, कार्डाला घरटी 35 किलो. हे धान्य जानेवारी 2023 पासून फुकट झालं. पण त्याआधी काय भाव होता? तांदूळ 3 रुपये किलो, गहू 2 रुपये. चौघांच्या घराचे 20 किलो सगळे तांदूळच धरा, 60 रुपये झाले. म्हणजे "फुकट" या शब्दाने त्या घराचे महिन्याला वाचले ते 60 रुपये. आमच्या नाक्यावर त्यात तिघांचा वडापाव होतो, चहा वेगळा. एवढ्यावर कोण माजणार?

आणि दोन्ही वेळ भात खाणाऱ्या घरात 20 किलो पुरतात किती दिवस? पंधरा, फार तर अठरा. तेल, मीठ, गॅस, एसटीचं भाडं, पोरांच्या वह्या, हे रेशनच्या दुकानात मिळत नाही. बांगडा तर नाहीच नाही.

आता लाडकी बहीण. जुलै 2024 पासून महिन्याला 1,500. आमच्याकडे बागेत बाईला दिवसाचे 300 ते 350 मिळतात. त्याच बागेत, त्याच दिवशी पुरुषाला 600 च्या आसपास. तर 1,500 म्हणजे बाईची पाच दिवसांची मजुरी. उरलेले पंचवीस दिवस घरी बसायला तिला कोण पैसे देतं?

हां, पाच दिवसांचा फरक पडतो, ते नाकारत नाही. अंगात ताप असताना ती आता कामाला जात नाही. 250 मध्ये ये म्हणणाऱ्याला ती आता तोंडावर नाही म्हणते. आबांना जी बाई "गावत नाय", ती कित्येकदा त्या पैशांत गावत नाही. (आबा, हसू नका.)

गेल्या महिन्यात मी रेशनच्या रांगेत उभा होतो. पुढे वाडीतली एक काकी. दुकानदाराने पॉस मशीन पुढे केलं, काकीने अंगठा ठेवला. लागला नाही. पदराला पुसून परत ठेवला. नाही. मग दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग पाण्याने धुऊन. मशीन आपलं लाल. मागची रांग कुरकुरायला लागली. मी बोटं जवळून बघितली. शेंडे काळपट, कातडी सोललेली, रेषा म्हणून नाहीत. काकी काजू कारखान्यात गर सोलते. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. बायका हाताला राख फासतात, तेल लावतात, तरी बोटं जातातच. "काजीच्या चिकान खाल्ल्यान रे," एवढंच म्हणाली आणि पिशवीची घडी करून बाजूला उभी राहिली. काम करून करून अंगठा पुसला गेला म्हणून जिचं धान्य अडलं, ती बाई आपल्या चर्चेतली आळशी लाभार्थी. त्या कारखान्यातही पगार नाही बरं का. किलोवर पैसे. माल आला तर काम, नाही तर घरी जा.

आणि काम, काम म्हणतो ते आहे कधी? हापूसची खरी घाई मार्च ते मे. काजू पण त्याच वेळी. म्हणजे सगळ्यांना माणूस हवा तो एकाच दोन-अडीच महिन्यांत, आणि तेव्हा तो मिळणार नाहीच, रेशन बंद केलंत तरी. पाऊस पडला की लावणी, तीही पंधरा-वीस दिवसांची. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी. मग कापणी. मधल्या महिन्यांत याच आबांच्या दारात कुणी काम मागायला आलं तर आबा चहा पाजतात. काम नसतं त्यांच्याकडे.

"मग नेपाळी कसा राबतो?" हा आबांचा हुकमी एक्का. खरंय. बागेची राखण नेपाळी करतो, जांभ्या दगडाच्या चिरेखाणीवर विजापूरकडची माणसं, ट्रॉलरवर खलाशी बाहेरचे. पण तो नेपाळी बागेतल्या खोपटात राहतो. त्याची गुरं, म्हातारी आई, भावकीतलं मयत, सगळं हजारेक मैल लांब. घर मागे टाकून आलेला माणूस चोवीस तास कामालाच असतो. आबा, तुमचे वडील गिरणीत होते ना? एका खोलीत वीस जण पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, गावाला मनीऑर्डर पाठवायचे. तेव्हा मुंबईत कोकणी माणूस हाच "नेपाळी" होता. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जाणं थांबलं नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. वाढली नाही, घटली. 2011 ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 बायका. राबणारे निघून गेले, आणि जे मागे उरले त्यांच्याकडे बघून आपण म्हणतो, कोकणी माणूस आळशी.

अभिजित बॅनर्जी, ज्यांना 2019 चं नोबेल मिळालं (आई पाटणकर, आपल्यातलीच!), त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा देशांतल्या सात सरकारी रोख मदतीच्या योजना. मदत मिळालेली घरं आणि न मिळालेली घरं, किती जण कामाला जातात, किती तास जातात, हे तपासलं. लोक काम सोडतात असा ठोस पुरावा सापडला नाही. त्यात मेक्सिको आहे, इंडोनेशिया आहे. भारत नाही, म्हणून मी तो देवगडला जसाच्या तसा चिकटवत नाही. पण "फुकट मिळालं की माणूस बसून खातो" हे इतकं उघड असतं तर सातांत कुठेतरी दिसलं असतं.

एक गोष्ट लपवणार नाही. नाक्यावर बसलेला पदवीधर पोरगा शेजाऱ्याच्या बागेत पेट्या भरायला येत नाही, आणि मुंबईला जाऊन पाठीवर पार्सलं वाहतो. गावात गडी म्हणवून घ्यायची लाज. याला आळस म्हणा, माज म्हणा, मी भांडणार नाही. पण मी बघतो त्यातल्या बऱ्याच पोरांच्या घरी रेशनचं धान्य येत नाही. बाबांची पेन्शन येते.

आता शेवटचं, आणि हे आबांना सांगूनच बोलतोय. ही मागची कलमं कधीची? 1990 नंतरची. सरकारने तेव्हा रोजगार हमीतून फळबाग योजना काढली. खड्डे, कलमं, खत, शंभर टक्के अनुदान. कोकणातली केवढी तरी आंबा-काजूची लागवड त्या पैशावर उभी आहे. आमच्या घरची कलमं पण त्यातलीच, म्हणून मी कुणाला नावं ठेवत नाही. मी फक्त विचारलं, आबा, ते फुकट मिळालं तेव्हा तुम्ही आळशी झालात का?

आबा खुर्चीवरून उठले. "ती मदत न्हय," म्हणाले, "ता प्रोत्साहन." आणि मला कॅमेरा बंद करायला सांगितला.