वेबसाइटवर तिकिटं विकायची म्हणजे नेमकं काय

नाट्यसंस्था, गाण्याचे कार्यक्रम करणारे, एकांकिकावाले ग्रुप असे सगळेच आज इथे आलेत, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो की आमची वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेली साइट आहेच, मग तिकिटंही तिथेच विकली तर तिकीट कंपनीचं कमिशन वाचेल, प्रेक्षकांचे फोन नंबर आपल्याकडे राहतील, काय हरकत आहे? इच्छा अगदी रास्त आहे. कुठेही बसा असा छोटा कार्यक्रम असेल तर खुशाल तिकीट विकायचं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचं तयार सॉफ्टवेअर, टाका. पण नंबरच्या खुर्च्या असतील तर मी नको म्हणेन.

वर्डप्रेस २००३ साली आलं ते ब्लॉग लिहायला. एक पान लिहायचं, ते हजारो लोकांनी वाचायचं, आणि साइट पळावी म्हणून तेच पान कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, तयार ठेवून सगळ्यांना द्यायचं, ही त्याची पद्धत. लेखाला उत्तम चालते. तिकिटाला नाही, कारण 'शिल्लक ४' असं लिहिलेलं जुनं पान लोकांना दिसत राहतं आणि आत एकही जागा उरलेली नसते. खरेदीची पानं कॅशमधून वगळता येतात, वगळाच, पण मग बुकिंग उघडल्या उघडल्या जी झुंबड येते ती सगळी थेट डेटाबेसवर आदळते आणि स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइटींनी वाटून घेतलेला सर्व्हर, तिथेच बंद पडतं.

पुढचं जरा नीट ऐका. वूकॉमर्सला, म्हणजे वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या प्लगइनला, स्टॉक कळतो, खुर्ची कळत नाही. टीशर्टचे ५० नग, त्यातला कुठलाही द्या, हा त्याचा हिशोब. कार्टमध्ये टाकलं म्हणून माल राखून ठेवला जात नाही, चेकआउटला, म्हणजे ऑर्डर देताना, राखला जातो, आणि पैसे आले नाहीत तर मूळ सेटिंगप्रमाणे ६० मिनिटं अडकून राहतो. हा वेळ कमी करता येतो, पण पैसे न आलेली ऑर्डर रद्द करायचं काम वर्डप्रेसच्या क्रॉनकडे, म्हणजे ठरावीक वेळी कामं करणाऱ्या यंत्रणेकडे, असतं आणि तो घड्याळावर चालत नाही, कोणी साइटवर आलं की मग जागा होतो!

त्यात यूपीआय. प्रेक्षक ब्राउझरमधून ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, पैसे कटतात, आणि तो परत ब्राउझरवर येतच नाही, सरळ व्हॉट्सॲप उघडतो. मग पैसे आल्याचं साइटला कळणार ते फक्त पेमेंट गेटवेच्या वेबहुकमधून, म्हणजे पैसे घेणारी कंपनी आपल्या साइटला आपोआप पाठवते त्या निरोपातून, आणि तोच एखाद्या सिक्युरिटी प्लगइनने अडवला की पैसे जमा, ऑर्डर पेंडिंग, थोड्या वेळाने ऑर्डर रद्द आणि खुर्ची दुसऱ्याला. त्या माणसाला दारात काय सांगायचं?

पण आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण थिएटरच्या तिकीट खिडकीची आहे. बालगंधर्वला किंवा शिवाजी मंदिरला प्रयोग लागला की थिएटरवरच्या प्लॅनवरही, म्हणजे खुर्च्यांच्या नकाशावरही, विक्री चालू असते, फोनवर जागा ठेवल्या जातात, आणि आपल्या साइटला यातलं काही ठाऊक नसतं. कोटा वेगळा करणं एवढाच उपाय, या रांगा ऑनलाइन, या खिडकीवर. उरलेल्या ऑनलाइन जागा प्रयोगाआधी खिडकीला द्यायला एक जबाबदार माणूस लागतोच.

मग तिकीट कंपनीचं बुकिंगचं पान आपल्या पानात आयफ्रेमने, म्हणजे एका चौकटीत, बसवू, असं बरेच जण म्हणतात. दिसायला छान असतं, पण आयफोनवरचा सफारी ब्राउझर २०२० पासून दुसऱ्या साइटच्या कुकीज, म्हणजे ग्राहकाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, मुळातच अडवतो, त्यामुळे आयफोनवाल्याने निवडलेल्या जागा मधेच गायब होऊ शकतात, आणि ओटीपीचं पान बऱ्याचदा चौकटीत उघडायलाच नकार देतं. त्यापेक्षा सरळ लिंक द्या. नाटकाची माहिती, फोटो, तारखा आपल्या साइटवर, आणि 'तिकीट काढा' दाबलं की बाहेर. हो, नावं आणि फोन नंबर त्यांच्याकडे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं, प्रेक्षक आपण जमवलेला असतो. म्हणून करार करतानाच यादी मागून घ्या, प्रेक्षकाची परवानगी घेऊन.

तिकीट मेलने जातं, त्याचंही बघा. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्याच्या डोमेनची ओळख पटवणं सक्तीचं केलंय, ती सेटिंग नसेल तर तिकीट स्पॅममध्ये जातं किंवा पोचतच नाही. आणि प्रयोग पुढे ढकलला, साइटवर तारीख बदलली, तरी लोकांच्या फोनमधल्या पीडीएफवर जुनीच तारीख राहते, तेव्हा प्रत्येकाला वेगळा मेसेज करावाच लागतो, आणि त्यासाठी ती यादी हाताशी लागते.