डाव्या हाताची वर्षे

पियानोची पट्टी दाबली की आतली नमदा लावलेली हातोडी तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. त्यानंतर त्या सुराला वेगळे वळण देणे वादकाच्या हाती उरत नाही. सतारीवर तार ओढून मींड घेता येते, गायकाला लावलेला स्वर फुलवत नेता येतो; पियानोचा सूर मात्र उमटल्या क्षणापासून विरू लागतो. अशा वाद्यातून शोक किंवा ओढ व्यक्त होते ती कशी, हा प्रश्न अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्यापुढे फार कठोर रूपात उभा राहिला.

सॅन फ्रान्सिस्को येथे १९२८ साली जन्मलेले फ्लायशर वयाच्या नवव्या वर्षी आर्टुर श्नाबेल यांच्याकडे शिकू लागले. श्नाबेल हे लेशेटिट्स्की यांचे शिष्य, लेशेटिट्स्की चेर्नींचे आणि चेर्नी साक्षात बेथोवेनचे. आपल्याकडच्या घराण्यांप्रमाणेच ही तालीम गुरूकडून शिष्याकडे आलेली होती. १९४४ साली, सोळाव्या वर्षी, ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर ब्राम्सचा पहिला पियानो कन्चर्टो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, वाजवून गेले. १९५२ साली ब्रसेल्सची राणी एलिझाबेथ स्पर्धा जिंकणारे ते पहिले अमेरिकन ठरले. पुढे जॉर्ज सेल यांच्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रासोबत त्यांनी बेथोवेनच्या पाचही कन्चर्टोंचे ध्वनिमुद्रण केले, आणि जाणकार आजही त्याचा दाखला देतात.

छत्तिशीच्या सुमारास त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप तळव्याकडे वळू लागली. अधिक रियाजाने बोटे ताळ्यावर येतील या समजुतीने त्यांनी हात आणखी राबवला आणि दुखणे वाढत गेले. १९६५ साली सेल यांच्यासोबत ठरलेला सोव्हिएत संघाचा दौरा त्यांना सोडावा लागला. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात, हे निदान व्हायला पुढे अनेक वर्षे जावी लागली. त्यात मेंदूकडून स्नायूंना जाणारे आदेशच बिघडतात, त्यामुळे इच्छाशक्तीचा उपयोग होत नाही. त्या काळात आयुष्य संपवण्याचा विचारही मनात येऊन गेला होता, असे त्यांनी नंतर सांगितले.

त्यांना आधार मिळाला तो दुसऱ्या एका वादकाच्या दुर्दैवातून निर्माण झालेल्या संगीताचा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विट्गेनश्टाइन यांच्यासाठी मॉरिस राव्हेल यांनी केवळ डाव्या हाताचा कन्चर्टो रचला होता. त्यात अंगठा धून पुढे नेतो, उरलेली बोटे खर्जाकडून वर येत साथ उभी करतात, आणि पट्टीवरून हात उचलल्यावरही पायाने दाबलेले पेडल तो खर्ज घुमता ठेवते. एकाच हाताच्या पाच बोटांमध्ये कोणता सूर पुढे आणायचा, कोणता मागे ठेवायचा आणि दोन सुरांमध्ये किती थांबायचे, यावरच ऐकणाऱ्याला दोन हातांचा भास होणार की नाही हे ठरते. भावही त्याच निवडीतून उमटतो. वादक डोळे मिटून डोलतो की नाही, याचा त्याच्याशी संबंध फार थोडा, असे माझे मत आहे.

बाल्टिमोरच्या पीबडी कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयात शिकवताना या निवडी फ्लायशर यांना शब्दांत मांडाव्या लागल्या. पूर्वी ते विद्यार्थ्याला बाजूला सारून स्वतः वाजवून दाखवू शकत. आता सूर कुठे झुकतो, कुठे श्वास घेतो, हे सांगावे लागे आणि त्यासाठी स्वतःला आधी अधिक काटेकोर ऐकावे लागे. आपण त्यामुळेच चांगले शिक्षक झालो, असे ते म्हणत. आंद्रे वॉट्स आणि जोनाथन बिस हे पियानोवादक त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

१९८२ साली बाल्टिमोरमध्ये त्यांनी दोन्ही हातांनी जाहीर पुनरागमन केले. टाळ्या भरपूर पडल्या, पण हात बरा झालेला नाही हे त्यांना स्वतःला ठाऊक होते आणि ते डाव्या हाताच्या रचनांकडे परतले. नव्वदच्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शने आणि स्नायू मोकळे करणारे खोल मर्दन यांमुळे बोटे पुन्हा उघडू लागली. तो कायमचा इलाज नव्हता. काही महिन्यांनी औषधाचा असर ओसरे आणि इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागे.

२००४ साली निघालेल्या ‘टू हँड्स’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी शूबर्टचा शेवटचा सोनाटा (एकट्या पियानोसाठीची अनेक भागांची रचना), बी फ्लॅट मेजर या स्वरश्रेणीतला, निवडला. बोटांची चपळाई मिरवायला त्यात वाव कमी आहे. पहिल्याच पानावर, शांत धून सुरू असताना, डावा हात तळाशी एक अस्पष्ट घुमारा काढतो आणि त्यापाठोपाठ सगळे थांबते.