वाचून आगीत टाका

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘अमेरिकन क्रांतीतल्या लष्करी डॉक्टरच्या घरची पत्रं कशी जपावीत’. त्याकडे येतोच. आधी एक पत्र, जे जपायचंच नव्हतं.

12 जानेवारी 1778. फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या ताब्यात, अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टनची फौज व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीत कुडकुडतेय. लष्करी रुग्णालयांच्या हलाखीने वैतागलेले लष्करी डॉक्टर बेंजामिन रश यॉर्कहून व्हर्जिनियाचे गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यांना लिहितात. सूर असा, की वॉशिंग्टनऐवजी गेट्स, ली किंवा कॉनवे यांच्यासारखा सेनापती या फौजेला काही आठवड्यांत अजिंक्य करील. खाली सही नाही, आणि पत्र आगीत टाका अशी ताकीद. आपल्याकडेही ‘वाचून फाडून टाकणे’ असं लिहिलेलं पत्र दफ्तरात सुखरूप सापडतं ना, तसंच झालं. हेन्रींनी ते 20 फेब्रुवारीला थेट वॉशिंग्टनकडे धाडलं. वॉशिंग्टनने 28 मार्चला उत्तर दिलं: अक्षरावरून हे रश यांचंच दिसतं. याच डॉक्टरांची अदबशीर पत्रं त्याच्याकडे आधीच आलेली होती! (डॉक्टरांचं अक्षर ओळखू आलं, हेही नवलच. हसा, हसा.)

माझं म्हणणं एवढंच, की निनावी कागद ओळखला जातो तो शेजारच्या सामान्य कागदांमुळे. घरचे लोक मात्र मोठ्या माणसाची सही तेवढी चौकटीत लावतात आणि औषधांच्या याद्या, पावत्या, बायकोला लिहिलेल्या चिठ्ठ्या रद्दीत घालतात. रश यांच्या कागदांतले काही मुलाच्या, जेम्सच्या (मृत्यू 1869), मृत्युपत्रामुळे फिलाडेल्फियाच्या ‘लायब्ररी कंपनी’ या ग्रंथालयाकडे गेले. वंशजांकडच्या बिडल संग्रहाचा 1943मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला. लिलावात गठ्ठा सुटला की कोणतं पत्र कशाचं उत्तर होतं, हे जुळवत बसावं लागतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. तर भराभर.

कागद चिंध्यांचा, म्हणून टिकाऊ. शत्रू आहे शाई: मायफळ, हिराकस आणि डिंक. आपली मोडी काजळीच्या शाईत, ती कागद खात नाही. ही खाते, आणि दमट हवेत जास्त. पाणी लागलं की लोह शाईबाहेर पसरतं, म्हणून फाटलेल्या जागी गव्हाच्या ओल्या खळीने पातळ जपानी कागद चिकटवण्याआधी थांबा. अशा शाईवर संवर्धक जिलेटिन लावलेला कागद जेमतेम ओला करून वापरतात. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच.

त्या काळी पाकीट नसे. पत्र घडी घालून लाखेने बंद करायचे आणि पत्ता बाहेरच्या भागावर. लाख फोडताना फाटलेला तुकडा, पाठीवरची तारखेची नोंद, हे सगळं पत्रच आहे, कापू नका. कडक घडी हाताने उलगडू नका, मोडते. आर्द्रता देऊन उलगडण्याचं काम जाणकाराचं. गठ्ठा सोडण्याआधी क्रमाचे फोटो काढा, मग कोऱ्या भागावर मऊ पेन्सिलीने हलकेच क्रमांक घाला. आम्लमुक्त फोल्डर, तापमान 18 ते 20 अंश, आर्द्रता 40 ते 50 टक्के. माळा नको, तळघर नको. हात धुऊन कोरडे करा. हातमोज्यांनी कडा फाटतात. स्कॅन 400 पीपीआय (दर इंचाला 400 पिक्सेल), कोरी वाटली तरी मागची बाजूसुद्धा.

बुरशी दिसली तर तो गठ्ठा वेगळा ठेवा, घासू नका. बाकीचं प्रश्नोत्तरांत.