आबांच्या वह्या

(दृश्य : लोखंडी ट्रंकेचं झाकण उघडतं. आत कापडी पुठ्ठ्याच्या वह्या, सुतळीने बांधलेल्या.)

निफाड तालुका. कादवा नदीच्या काठचं एक गाव. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव आहे. घरच्यांच्या इच्छेनुसार ते नाव आपण इथे घेणार नाही. गाव त्यांना मेजर म्हणायचं. खरं तर ते तोपखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आपल्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण गावाचा मेजरच असतो. घरात ते आबा होते.

कोणत्या दिवशी कोणतं औषध फवारलं, विहिरीला पाणी किती हात होतं, मुलीच्या फीची पावती कुठे ठेवलीय, सगळं या वह्यांत आहे. आबा फार बोलणारे नव्हते. घरावरची त्यांची माया समजून घ्यायची तर या वह्याच उघडाव्या लागतात.

ही सवय लागली तोफेवर.

(दृश्य : नाशिक रोड, दूरवर डोंगररांग. तोफेचा आवाज.)

देवळालीच्या रेंजवरचा हा धडाका नाशिककरांच्या कानांना ओळखीचा आहे. नाशिक रोड कॅम्पातल्या आर्टिलरी सेंटरमध्ये शेतकऱ्याचं पोर गनर होऊन बाहेर पडतं, ते एक गोष्ट पक्की शिकून : तोफेचीही वही असते. प्रत्येक फैर त्या वहीत चढते, आणि ती कोणत्या चार्जने, म्हणजे किती बारुदाने, झाडली हेही. मोठ्या चार्जने नळी जास्त झिजते, लहान चार्जने कमी. झिजलेल्या नळीतून गोळा कमी वेगाने निघतो आणि अलीकडे पडतो. अलीकडे कधी कधी आपलीच माणसं असतात. त्यामुळे तोफेवर नोंद चुकणं ही कारकुनी चूक राहत नाही.

नळीत गोळा ढकलण्याचंही तसंच. गोळ्याभोवतीचा तांब्याचा पट्टा नळीच्या आट्यांत घट्ट रुतला पाहिजे. अर्धवट ढकलला आणि नळी उंच उचलली, तर गोळा मागे घसरून चार्जवर येऊ शकतो. बार उडाला नाही, तर ठरलेला वेळ थांबल्याशिवाय ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडायची नाही, मग वरून कितीही घाई होवो. आबा डिटॅचमेंटचे नंबर वन होते, म्हणजे त्या एका तोफेची आणि तिच्यावरच्या सगळ्या पोरांची जबाबदारी त्यांच्यावर होती.

1999 साली द्रासच्या बाजूला ते बोफोर्सवर होते. 155 मिलिमीटरची तोफ, एकेक गोळा चाळीस किलोंच्या वर. तिथे सपाटीवरचं गणित चालत नाही. उंचावर हवा विरळ, तिचा अडथळा कमी, म्हणून गोळा लांब जातो. उलट थंडीने गारठलेला चार्ज संथ जळतो, म्हणून गोळा अलीकडे पडतो. या दोन्हींचा हिशेब करावा लागतो आणि डोंगरावरचं हवामान तासातासाला बदलतं. चार्जचं तापमान मोजायचं, लिहायचं, पुन्हा मोजायचं. त्या दिवसांबद्दल वहीत शौर्याचं एक वाक्य नाही. नुसते आकडे आहेत.

गावाकडे पत्रं जायची, तीही क्रमांक घालून. डोंगरातून निघालेली टपाल मागेपुढे पोचते. सात नंबरचं पत्र सहाच्या आधी आलं, तर माईंना, म्हणजे आबांच्या पत्नीला, कळायचं की एक अजून वाटेत आहे, उगाच जिवाला घोर नको. ही युक्ती प्रत्येक जवानाच्या घरी असायला हवी होती.

वर्षाला 60 दिवसांची सुट्टी आणि 30 दिवसांची कॅज्युअल. मिळेल तेव्हा आबा ती तोडून घ्यायचे : एक तुकडा एप्रिलात, द्राक्षांच्या खरड छाटणीला, दुसरा ऑक्टोबरात, फळासाठीच्या गोडी छाटणीला. बाग तेव्हा वडिलांच्या नावावर होती.

(दृश्य : द्राक्षबाग. कात्रीचा आवाज.)

आपल्या हवेत द्राक्षवेल थंड देशातल्यासारखी झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलात ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे राखून सगळं खरडायचं. मग नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्मघड तयार होतो. घड दिसणार हिवाळ्यात, पण तो ठरतो उन्हाळ्यात. तेव्हा काडीवर पुरेसं ऊन पडलं नाही, पानांची दाटी झाली, की ऑक्टोबरात कितीही खत घाला, वांझ फुटी निघतात.

निवृत्तीनंतर आबांनी एक एकर नव्याने लावलं. आधी डॉगरिज जातीचा मुळाचा खुंट, मग त्यावर थॉमसन या द्राक्षाच्या जातीचं कलम. नऊ बाय पाच फुटांवर एकरी 968 वेली. वहीत प्रत्येक ओळीचं स्वतंत्र पान आहे.

गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, लिटरला साधारण 30 ते 40 मिली. डोळे मागेपुढे फुटले की एकाच वेलीवर एक घड फुलोऱ्यात, दुसरा अजून पोंग्यात, म्हणजे नुकत्या फुटलेल्या कोंबात. मग फवारणी कोणासाठी करायची? या पेस्टबाबत आबा फार कडक होते. हातमोजे हवेत, आणि पेस्ट लावणाऱ्याने आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. हे औषध शरीरात दारूचं पचन अडवतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास कोंडतो, माणूस दवाखान्यात पोचतो. मजुरांना ते हे दरवर्षी नव्याने सांगायचे आणि कोणाला सांगितलं तेही लिहून ठेवायचे.

पोंग्यात पाऊस आला तर घड जिरतात, फुलोऱ्यात आला तर गळ आणि कुज. ढगाळ हवा आणि पानांवर ओल राहिली की डाऊनी हा बुरशीचा रोग. मण्यात पाणी उतरल्यावर निफाडची थंडी एकदम खाली घसरली, तर मणी तडकतात. अशा पहाटे आबा ड्रीप सुरू करायचे, विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून. बांधाला शेकोट्या पेटवून धूर धरायचे. निर्यातीच्या मालाला औषधाचा उर्वरित अंश तपासला जातो. फवारणीची तारीख आणि काढणीची तारीख यांतलं अंतर कागदावर लागतं. तेव्हा कितीतरी बागाईतदारांची धावपळ व्हायची. आबांची वही तयार असायची.

तोफेने एक गोष्ट मात्र परत दिली नाही, ती म्हणजे कान. तोपचीच्या कानातून आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात : पाखरं, फोनची घंटी, लहान मुलांचं बोलणं. बाईमाणसाचा आवाज पुरुषाच्या आवाजाआधी हरवतो. म्हणजे बांधावर ट्रॅक्टर ऐकू येणार, आणि नातीची हाक नाही. यंत्र लावलं तरी ते आवाज मोठा करतं, स्पष्ट करेलच असं नाही. ओरडूनही उपयोग होत नाही, ओरडताना पट्टी उलट वर चढते. म्हणून या घराने रीत बदलली. समोर यायचं, उजेडात उभं राहायचं, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलायचं.

(दृश्य : शेवटची वही. प्लास्टिकच्या पिशवीत कागद.)

शेवटच्या वहीत माईंसाठी चार पानं आहेत. पीपीओची, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाची, प्रत, डिस्चार्ज बुक, जोडीचा फोटो, दोघांचं सामाईक खातं. फौजेत लग्न आणि मुलांचे जन्म पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे जवानाच्या अधिकृत नोंदीत, चढवावे लागतात. ते राहिलं, किंवा माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, आधारवर तिसरंच, तर जवान गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन अडकतं. दुःखात बुडालेली बाई मग प्रतिज्ञापत्रं करत फिरते. असं फार घरांत होतं आणि ते टाळता येतं. माईंच्या नावात एक अक्षर चुकलेलं होतं. तोपखान्याचं अभिलेख कार्यालय नाशिक रोडलाच आहे. आबांनी हयात असतानाच खेटे घालून ते अक्षर दुरुस्त करून घेतलं.

पुढच्या पानावर हिशेब आहे. सुरुवातीला शेवटच्या पगाराच्या निम्मं, सात वर्षं किंवा आबांचं वय 67 झालं असतं तोवर, यांतलं जे आधी येईल ते. त्यानंतर 30 टक्के. रक्कम कमी होईल तेव्हा घाबरू नये, असं खाली लिहिलंय. हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात, आणि त्या शब्दाखाली दोन रेघा.

(दृश्य : नोव्हेंबर. सेवा केंद्राची खिडकी. माई अंगठा लावतात.)

माईंचा ठसा पहिल्यांदा उमटत नाही. कात्रीने बोटांच्या रेषा झिजल्यात. वहीत त्याचीही सोय लिहिलेली आहे : ठसा नाही लागला तर डोळ्याने करायला सांग. खिडकीतल्या मुलाला माई तेच सांगतात. त्याच्या समोर उभ्या राहून, सावकाश, खालच्या पट्टीत.