कॅन्सर मणक्यात उतरला तर छोट्या छेदातून काय साधतं?

नमस्कार मंडळी. आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या मामींची पाठ दुखायची. दिवस कसाबसा सरायचा, पण आडवं झालं की कळ सुरू. खुर्चीत बसून रात्र काढायच्या. मणक्यातली गादी सरकली असेल म्हणून तीन आठवडे तेल लावून चोळलं. चार वर्षांपूर्वी त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही, आणि ते मला अजून खुपतं.

स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड, थायरॉइड... यांचा कॅन्सर हाडांत गेला तर बहुतेक वेळा मणक्यातच जातो. पोखरलेला मणका खचतो. गाठ मागं सरकली की मज्जारज्जू दाबला जातो. मग पाय जड पडतात, तोल जातो, लघवी अडते. असं झालं तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पूर्वी पाठीवर वीतभर चीर घ्यायचे, स्नायू हाडापासून सोडवायचे. केमोनं आधीच थकलेलं शरीर, त्यात जखम भरेपर्यंत रेडिएशन थांबलेलं. आता हा माझा अंगठा बघा. या नखाएवढे छेद! सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र. त्याच्या पडद्यावर मणका बघत, स्नायूंच्या धाग्यांमधून वाट काढत, मणक्याला आधार द्यायला स्क्रू बसवतात आणि कातडीखालूनच सळई सरकवतात. स्नायू शाबूत राहतात, रक्त कमी जातं, रेडिएशन लवकर सुरू करता येतं. नुसता मणका खचला असेल तर कधी सुईनं सिमेंट भरूनही भागतं.

रज्जू दाबला असेल तर अख्खी गाठ काढत बसत नाहीत. रज्जूभोवती दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी करतात. तेवढ्या फटीमुळं गाठीवर रेडिएशनचा जोरदार मारा करता येतो आणि रज्जू वाचतो.

2005 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रज्जू दाबलेल्या अशा 101 रुग्णांचा अभ्यास आला. नुसत्या रेडिएशननं 57 टक्के चालू शकले, आधी ऑपरेशन केलेल्यांत 84 टक्के. ती ऑपरेशनं मोठ्या चिरेची होती, हेही सांगतो. आणि यानं कॅन्सर जात नाही. दुखणं कमी होतं, पाय राहतात. माणसाला स्वतःच्या पायांनी न्हाणीपर्यंत जाता येणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

घरात कुणाला कॅन्सर होऊन गेला असेल तर ती जुनी फाईल आजच कपाटातून काढून ठेवा. सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात जा नाहीतर खाजगीत, पाठ दुखते म्हणायच्या आधी सांगा, ‘डॉक्टर, मला कॅन्सर होऊन गेलाय.’