साठ-शून्य

मघाशी माझी ओळख करून देताना संयोजकांनी शिरीन ओमीरुद्दी-सिफ्रा यांना मॉरिशसच्या संसदेच्या ‘सभापती’ म्हटलं. आपल्याकडे विधानसभेला अध्यक्ष आणि परिषदेला सभापती. तिथे सभागृहच एक, त्यामुळे काहीही म्हणा. मी अध्यक्ष म्हणतो. आपल्या विधानसभेच्या त्या खुर्चीत आजवर एकही बाई बसलेली नाही, हे जाता जाता.

मॉरिशसच्या मुख्य बेटावर वीस मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून तीन प्रतिनिधी, म्हणजे साठ जागा. १९८२, १९९५ आणि २०२४, तीनदा तिथे साठच्या साठ जागा एकाच आघाडीने नेल्या. शिरीनबाईंची कारकीर्द या पहिल्या आणि तिसऱ्या साठ-शून्याच्या मध्ये पसरली आहे. पण सुरुवात त्याच्याही आधीची.

१९७६ साली त्या विरोधी पक्षाकडून निवडून आल्या. शिक्षणाने वकील, नवरा परदेशी. पुढच्याच वर्षी सरकारने दोन कायदे बदलले, एक परदेशी नागरिकांच्या वास्तव्याचा आणि दुसरा हद्दपारीचा. मॉरिशसच्या पुरुषाने परदेशी बायको आणली तर तिला देशात राहण्याचा हक्क आपोआप. मॉरिशसच्या बाईने परदेशी नवरा केला तर त्याने अर्ज करायचा, मंत्र्याने नाही म्हटलं की संपलं, आणि त्यावर कोर्टातही जाता यायचं नाही. म्हणजे बाई संसदेत कायदे करणार आणि नवरा घरी परवान्याची वाट बघत बसणार. तीन वर्षं उलटली तरी त्यांच्या नवऱ्याच्या अर्जावर निर्णय नव्हता.

१९७८ मध्ये वीस बायकांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. गंमत बघा, त्यांतल्या सतराजणींची लग्नंच झालेली नव्हती! उद्या आपण कोणाशी लग्न करावं हे सरकारने आजच ठरवून टाकलं आहे, असं त्यांचं म्हणणं. १९८१ मध्ये समितीने विवाहित तिघींच्या बाजूने मत दिलं: हा कुटुंबात हस्तक्षेप आहे आणि स्त्री म्हणून केलेला भेदभाव आहे. सतराजणींना मात्र प्रत्यक्ष झळ लागलेली नाही, म्हणून त्यांचं ऐकलं नाही.

मला या प्रकरणातला हरलेला मुद्दा जास्त आवडतो. शिरीनबाईंनी आणखी एक गोष्ट मांडली होती. नवऱ्याला हाकललं तर मला त्याच्यामागे जावं लागेल, मग माझ्या संसदेतल्या जागेचं काय? समिती म्हणाली, तुमचा राजकीय हक्क प्रत्यक्षात कोणी हिरावलेला दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण घर आणि सभागृह यांतलं एक निवडायची पाळी पुरुष खासदारावर त्या कायद्याने कधी येणारच नव्हती.

१९८२ ला सत्तापालट झाला आणि सरकारविरुद्ध संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेलेली ही बाई सरकारचीच महान्यायवादी झाली. १९८३ मध्ये ते दोन्ही कायदे दुरुस्त झाले. राज्यघटनेतल्या भेदभावाच्या व्याख्येत ‘लिंग’ हा शब्द यायला मात्र १९९५ उजाडलं. मधली पदं मी भराभर सांगतो. २००३ मध्ये मुलांच्या हक्कांसाठी लोकपाल नेमायचा कायदा झाला, तेव्हा पहिल्या लोकपाल त्याच. २०१४ ला माया हनुमानजी संसदेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, आणि २९ नोव्हेंबर २०२४ ला शिरीनबाई त्या खुर्चीत आल्या. निवडून न आलेल्या व्यक्तीलाही तिथे अध्यक्ष करता येतं.

आता साठ-शून्याच्या सभागृहात विरोधक येतात कुठून? तर हरलेल्यांतून! समाजगटांचा तोल राखण्यासाठी पराभूत उमेदवारांना आठपर्यंत जागा देण्याची सोय घटनेतच आहे. गट चारच, त्यामुळे कोकणातून मजुरीला गेलेल्यांची मराठी नातवंडं ‘हिंदू’ या रकान्यात मोजली जातात. २०२४ मध्ये याच वाटेने आलेले जो लेजोंगार विरोधी पक्षनेते झाले. समोर सगळी बाकं सत्ताधाऱ्यांची, याच्या पाठीशी एक-दोन माणसं. बैठक बहुधा मंगळवारी साडेअकराला सुरू होते, आणि विरोधी पक्षनेत्याने विचारायच्या खास प्रश्नाचा मान पहिला. अध्यक्ष त्याचं नाव पुकारतात, आणि तो उभा राहतो.