खतपाण्यासोबत ओढही हवी

श्रोतेहो, नमस्कार. रावेर-यावलकडे 'टिश्यू' म्हटलं की केळीची रोपंच आठवतात. आज बोलायचं आहे ते प्राण्यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतींबद्दल. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. आडोशाला, वारा न लागता वाढलेलं रोप उंच होतं, पण लेचंपेचं राहतं. पेशीही नुसत्या खतपाण्यावर जगतात, पण ताकदीची ऊती बनत नाही.

कंडरा घ्या, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचं आम्लधर्मी द्रावण बर्फावर ठेवून सामू ७.४ वर आणायचा, पेशी मिसळायच्या, साच्यात ओतून ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचं. अर्ध्या-पाऊण तासात ते खरवसासारखं थिजतं. बर्फ विसरलात तर नळीतच थिजतं! मग पेशी आतले तंतू स्वतःच ओढू लागतात. तुकडा मोकळा सोडला तर आकसून गोळी होते. दोन्ही टोकं खुंट्यांना अडकवली, तर बाजेच्या सुंभासारखा ताणून राहतो आणि पेशी ताणाच्या दिशेनं रांगेत लागतात. पुढे यंत्रानं लांबीच्या चार-पाच टक्के ओढ द्यायची. पण आधी काही दिवस पेशींना तंतू विणू द्यावेत. घाई केली की तुकडा खुंटीपाशी फाटतो, नाहीतर मधोमध बारीक होऊन तुटतो.

कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असणाऱ्या गुळगुळीत गादीला, दाब लागतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २००० साली गुरांच्या कूर्चेतल्या पेशी अ‍ॅगरोजच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या जेलीच्या, चकत्यांत वाढवल्या. जाडीच्या १० टक्के दाब, सेकंदाला एकदा. तासभर दाब, तासभर विश्रांती, दिवसाला अशा तीन पाळ्या, आठवड्यातून पाच दिवस. चार आठवड्यांनी या चकत्या न दाबलेल्यांपेक्षा सुमारे सहापट ताठ निघाल्या. विश्रांतीला कमी लेखू नका. एकसारखं दाबून धरलं, तर पेशींचं नवं बांधकाम उलट मंदावतं.

पेशीला हे कळतं कसं? तिच्या पडद्यावर पीझो नावाची दारं असतात. ताण आला की ती उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. ती शोधणारे आर्डेम पटापुटियन २०२१च्या वैद्यक नोबेलचे एक मानकरी.

असं दाब देणारं यंत्र बसवताना मोटार उबवणपेटीबाहेर ठेवावी, फक्त दांडा आत घ्यावा. आत ठेवलेली मोटार पेशींभोवतीचा पोषक द्रव तापवते आणि दमट हवेत गंजते. शिवाय दांड्याला परतीची स्प्रिंग हवीच. आपल्याकडची वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि दांडा दाबलेल्या जागी रात्रभर अडकला तर चकतीची वाढच खुंटते.